पेन्सिलनं लिहिलेलं गाव

आमच्या पतसंस्थेच्या खातेवहीत एकाच नावाची सहा खाती होती. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच, गावही तेच. १९८९ साली मी कॅशियर म्हणून लागले आणि पहिल्याच आठवड्यात त्यातल्या एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जमा करून साहेबांची बोलणी खाल्ली. संध्याकाळी जुन्या शिपायानं मला बाजूला घेऊन युक्ती सांगितली, ‘बाई, नावापुढं पेन्सिलनं गाव लिवा.’

‘अहो, गाव तर सगळ्यांचं एकच आहे!’

‘ह्ये गाव न्हवं. तिकडचं गाव.’

मग मी लिहीत गेले. सेलम. कटक. कानपूर. गुंटूर. सिलिगुडी. एक होता नेपाळात, त्याच्यापुढं नुसतं ‘नेपाळ’. काही दिवसांत लक्षात आलं की गिऱ्हाइकंही एकमेकांना अशीच ओळखतात. काउंटरपुढच्या बाकावर बसलेली म्हातारी शेजारणीला सांगायची, ‘आमच्या कटकवाल्यानं औंदा शिखर बांधायला घेतलंय.’ तिनं कटक नकाशावरही पाहिलेलं नसायचं.

मी विट्याची. विटा हे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं ठिकाण. (तालुक्याला नाव खानापूरचं आणि कचेरी विट्याला, हा घोळ परक्या माणसाला समजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.) वस्ती पन्नास हजारांच्या आतबाहेर. गुहागर-विजापूर रस्ता गावातून जातो, यंत्रमागांची खडखड आहे, कोंबड्यांच्या शेड आहेत. पाऊस बेताचा, पश्चिमेला कराडकडं कृष्णाकाठचा ऊस आणि पूर्वेला आटपाडीकडं कुसळं, आम्ही मधे. अशा गावात इतक्या बँका, इतक्या पतसंस्था, इतकी सोन्याची दुकानं कशी, असं बाहेरून बदली होऊन आलेला प्रत्येक अधिकारी पहिल्या महिन्यात विचारतो. उत्तर एका शब्दाचं आहे. गलाई.

गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. मोडीचा दागिना सोनाराकडं येतो तेव्हा त्यात तांबं असतं, चांदी असते, डाग असतो. गलाईवाला तो मुशीत घालून टाकणखाराबरोबर वितळवतो. शुद्ध सोनं वितळायला १०६४ अंशांची उष्णता लागते. मग त्यात मुद्दाम चांदी मिसळतो, इतकी की सोनं सगळ्या वजनाच्या चौथाईवर यावं. ऐकायला उलटंच वाटतं, शुद्ध करायचं तर भेसळ कशाला वाढवायची? पण सोनं जास्त राहिलं तर तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, आतपर्यंत पोचत नाही. तो रस पाण्यात ओतून त्याचा रवा पाडायचा आणि रवा तेजाबात उकळायचा. तांबं-चांदी विरघळून जाते, तांबूस-पिवळा धूर उठतो, आणि तळाशी राहतो तपकिरी गाळ. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो मातीच वाटतो. तो धुऊन पुन्हा वितळवला की सोन्याची लगड. तेजाबातली चांदी तांब्याच्या पट्ट्या बुडवून परत मिळवायची. चांदी सुटत जाते तसं तांबं पाण्यात उतरतं आणि पाणी निळं होतं. माझा भाऊ हे सगळं असं सांगतो की जणू आमटीला फोडणी द्यायची आहे. त्याचे पुढचे दात त्या धुरानं केव्हाच गेलेत.

आमचा पिढीजात धंदा हा नव्हे. आमच्यात कुणी सोनार नव्हतं, झारेकरी नव्हतं. बाजरी पेरणारी माणसं आम्ही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, इकडं साताऱ्यातले माण-खटाव, या कोरड्या पट्ट्यातली कुणब्याची पोरं भारतभरच्या सराफकट्ट्यांत कशी जाऊन बसली, हे मला काउंटरच्या या बाजूनं तेहतीस वर्षं दिसत राहिलं.

आमच्या घरातून पहिले गेले ते तात्या, वडिलांचे चुलतभाऊ. १९५० नंतर कधीतरी. त्यांना न्यायला सख्खं कुणी नव्हतं. सख्खे सगळे त्यांच्यासारखेच विहिरीच्या तळाकडं बघत बसलेले. खरसुंडीच्या जत्रेत, बैलबाजारात, एक माणूस भेटला: आत्याच्या नणंदेचा दीर. या नात्याला मराठीत नाव असलं तर मला माहीत नाही. तो मद्रास इलाख्यात कुठंशी चांदी गाळत होता आणि त्याला भट्टी फुंकायला पोरगं हवं होतं. बैल विकला गेला नाही. तात्या मात्र गेले.

पुढं नोकरीत असताना बँकिंगच्या एका प्रशिक्षणात मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं नाव ऐकलं आणि मला एकदम तो बैलबाजार आठवला. १९७३ साली त्यानं एक निबंध लिहिला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं विचारलं होतं, ही नोकरी तुम्हाला ज्यानं सुचवली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्यामुळं मिळाली असं सांगणारे सुमारे १७ टक्केच निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यामुळं ५५ टक्क्यांवर, आणि वर्षाकाठी एकदा भेटला तर भेटला अशा माणसामुळं जवळपास २८ टक्के. कारण अगदी साधं आहे. जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. नवी खबर आणतो तो लांबचा. आत्याच्या नणंदेचा दीर.

पण खबर मिळणं वेगळं आणि परक्या गावात कुणी दोनशे ग्रॅम सोनं हातात देणं वेगळं. तिथं लांबची ओळख पुरत नाही, तिथं भावकी लागते.

माझा भाऊ १९८१ साली दहावी नापास झाला आणि त्याच मे महिन्यात तात्यांबरोबर मिरजेहून गाडीनं कोइमतूरला गेला. पंधरा वर्षांचा होता. तोवर तात्यांचं तिथं राजा स्ट्रीटजवळ दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, एक भट्टी, एक तराजू, धूर जायला एक चिमणी. जेवणखाण-राहणं तात्यांकडं, पगार वर्षाचा, आणि तोही दसऱ्याला गावी आल्यावर वडिलांच्या हातात. भावाला पाच वर्षं पैसा दिसला नाही. आज कुणी अशा पोराला ठेवलं तर त्याला वेठबिगारी म्हणतील आणि त्यात फार चूक होणार नाही. पण सहाव्या वर्षी तात्यांनी त्याला तिथून दोन-तीन तासांवरच्या गावात भट्टी घालून दिली, तराजू दिला, थोडं भांडवल दिलं आणि तिथल्या तीन सराफांकडं स्वतः नेऊन उभा केला. ‘माझा पोरगा आहे’ एवढंच सांगितलं. ते भांडवल व्याजाविना. फेड अशी की पुढं भावानं आणखी दोघांना असंच उभं करायचं. त्यानं चौघांना केलं. आणि एक न लिहिलेला नियम: ज्या गल्लीत शिकलास त्या गल्लीत दुकान घालायचं नाही. पुढचं गाव बघायचं.

रताळ्याचा वेल बघा. जिथं पेर जमिनीला टेकतं तिथं मूळ धरतं आणि तिथून पुढं सरकतं. सेलमहून इरोड, इरोडहून तिरुपूर, असं.

सराफ सोनं देतो त्याची पावती बहुधा चिठ्ठीच असते, वजन आणि तारीख. पोरानं ते घेऊन पळ काढायचा म्हटला तर अडवणारं कोण? आमच्या पतसंस्थेत पाच हजारांच्या कर्जाला दोन जामीनदार, सातबारा, सहा सह्या लागायच्या, आणि तरी थकबाकी. तिकडं चिठ्ठीवर काम चालायचं, कारण खरा जामीन गावात होता: पोराची आई, बहिणीचं ठरलेलं लग्न, चुलत्याचं इरोडमधलं दुकान. आमच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा खरोखरच तीस तोळे घेऊन पळाला होता. फोन नव्हते तेव्हाची गोष्ट, पण आठवड्याच्या आत वाडीत तार आली. बापानं दोन एकर विकून मालकाचं सोनं भरलं. बहिणीची सुपारी मोडली. त्या घरातलं पोर पुढं कितीतरी वर्षं कुणी सोबत नेलं नाही. त्यातला धाकटा तर हे घडलं तेव्हा पाळण्यात होता.

विश्वासावर चालतो आमचा धंदा, असं सत्कार समारंभात सगळे म्हणतात. मला त्या वेळी तो पाळणा आठवतो.

आमच्या भागातून बाहेर जाण्याचा दुसरा, मोठा रस्ता मुंबईचा होता. माझे मामा लालबागला गाळ्यात राहायचे आणि गिरणीत साचे चालवायचे. त्या गाळ्यात आमच्याच भागातली वीस-पंचवीस माणसं, पाळ्या बदलून झोपणारी. तिथंही सगळं ओळखीवरच चालायचं, जॉबर, म्हणजे मुकादम, गाववाला असला की बदली कामगार म्हणून चिकटायचं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मामा पत्र्याची ट्रंक घेऊन परत आले आणि पुढं गिरणीत गेलेच नाहीत. त्यांच्या खोलीतले सगळे एकदम परतले. वरून दुष्काळ. एकाच महिन्यात वीस घरांच्या मनीऑर्डरी बंद.

हाच फरक मी नंतर अनेकांना सांगत आले. मुंबईचा दोर जाड होता, पण एकच. एका गावातल्या सगळ्या घरांचा भार एका शहरावर, एका उद्योगावर. गलाईवाले शेकडो गावांत एकेकटे पांगलेले. कुठं दंगल झाली, कुठं दुकान बुडालं, तर एक घर बुडायचं; बाकीचे त्याला उचलून दुसऱ्या गावात ठेवायचे.

तरी मामांची गोष्ट तिथं संपत नाही. त्यांचं गाव येरळाकाठी. मुंबईहून परतलेल्या कामगारांनी दुष्काळी कामावर खडी फोडताना विचारायला सुरुवात केली की ही खडी फोडून पाणी कुठून येणार? त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, डॉ. भारत पाटणकर त्यात होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेची थोडी वाळू विकायची परवानगी मिळवून त्या पैशातून स्वतःचं बळीराजा धरण बांधलं. जमीन नसलेल्यालाही पाण्यात वाटा, हे तत्त्व तिथं मांडलं गेलं. मामा श्रमदानाला जायचे. म्हणायचे, मोर्चा कसा काढायचा हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही, ते गिरणगावातच शिकून आलो होतो. पगार गेला होता, पण युनियनमधली ओळख, विद्यार्थ्यांशी, डॉक्टरांशी, पत्रकारांशी झालेली ओळख शिल्लक होती. गलाईवाल्यांनी गावाला पैसा दिला. धरण गिरणीवाल्यांनी दिलं. हे माझ्या माहेरी फारसं कुणाला आवडत नाही ऐकायला.

सोन्याकडं परत येते. तात्या पुढंही चांदीच का गाळत राहिले, हे मला बरंच उशिरा कळलं. १९६३ साली मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, नवे दागिने १४ कॅरेटच्या वर करायला बंदी घातली. १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. सोनं गाळायला परवाना. चांदीला ती कटकट नव्हती. मग बरीच वर्षं आमची माणसं चांदीवर जगली, आणि सोन्याचं काम जे होई ते दार लोटून. हा कायदा १९९० मध्ये गेला. अर्थमंत्री तेव्हा मधु दंडवते. १९९० नंतरच्या आठ-दहा वर्षांत माझ्या खातेवहीतली पेन्सिलीची गावं दुपटीनं वाढली असतील. त्याआधी एका घरातून एक पोर जायचं, आता दहावीची परीक्षा संपली की अख्खी बाकंच्या बाकं रिकामी व्हायला लागली.

दार लोटायची सवय मात्र गेली नाही, आणि त्याचं कारण पोलीस. चोर सापडला की तो सांगतो, दागिना अमक्या सराफाला विकला. सराफ सांगतो, मी गाळायला दिला. गाळलेल्या सोन्याला नाव नाही, गाव नाही. कुठल्या बाईच्या गळ्यातलं, ते ओळखायची सोयच उरत नाही. मग गलाईवाला उचलला जातो. चोरीचा माल घेतल्याचं कलम ४११, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. २०२४ च्या जुलैपासून नव्या न्याय संहितेत त्याचा आकडा बदलला, धाक तोच. काही जण जाणूनबुजून असा माल घेतात हेही खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण माझ्या भावाला एकदा चार दिवस बसवून ठेवलं होतं ते ज्या दागिन्यासाठी, तो त्याच्या भट्टीत आलाच नव्हता. पाचव्या दिवशी सुटला कसा? वकिलानं नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या आमच्याच एका माणसाची तिथल्या एका आमदाराच्या मेव्हण्याशी ओळख होती. पुन्हा लांबचं नातं, फक्त या वेळी तमिळमधलं.

आता पैसा गावात काय करत होता ते. आमच्या काउंटरवर वर्षाचे दोन हंगाम. एक दसरा-दिवाळी. विट्यात दसऱ्याला रेवणसिद्धाच्या दोन पालख्यांची शर्यत लागते, ती बघायला माणूस गुवाहाटीहूनही येतो. दुसरा चैत्र-वैशाख, जत्रा आणि लगीनसराई. त्या दिवसांत ठेवींच्या पावत्या लिहून माझं मनगट सुजायचं. बाकीचे महिने पैसे काढायच्या चिठ्ठ्या. कशासाठी काढता हे आम्ही विचारायचो नाही, पण लोक सांगायचेच. बंगल्याचा स्लॅब. प्लॉटचं विसारपत्र. बहिणीचं लग्न. देवळाचा कळस. शाळेची खोली, तिच्यावर आजोबांच्या नावाची फरशी. क्वचित कुणी यंत्रमाग घेई, कुणी कोंबड्यांची शेड घाली, आणि तीही सहसा गावात राहणाऱ्या भावाच्या नावावर.

पुण्याचे एक साहेब आमच्या ऑडिटला यायचे. ते म्हणायचे, तुमच्या लोकांना गुंतवणूक कळत नाही, सगळा पैसा सिमेंटमध्ये घालतात. मला त्याचा राग यायचा. सिलिगुडीला बसलेला माणूस विट्यात कारखाना चालवणार कसा? प्लॉटला पगार द्यावा लागत नाही, प्लॉट संपावर जात नाही. आणि बंगला कुलूपबंद असला तरी वर्षभर गावात मालकाच्या वतीनं बोलत उभा असतो: या घरात मुलगी द्यायला हरकत नाही, या घरातल्या पोराला चिठ्ठीवर सोनं द्यायला हरकत नाही. तो खर्च त्यांच्या धंद्याचाच भाग होता. त्याचा दुसरा परिणाम मात्र आम्ही नोकरदारांनी भोगला. विट्यातल्या जागेचे भाव इथल्या कुठल्याही पगाराला परवडेनासे झाले. मी आणि माझे यजमान, दोघं कमावते, भाड्याच्या घरात बावीस वर्षं राहिलो. घरमालक राउरकेल्याला.

आणि पाणी. टेंभू उपसा सिंचन योजनेला १९९६ मध्ये मंजुरी मिळाली. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत आमच्या माळापर्यंत आणायचं. ते यायला इतकी वर्षं लागली की ‘टेंभू आल्यावर देतो’ ही उधारीवाल्यांची थट्टाच झाली होती. पण जिथं जिथं ते पोचलं तिथल्या गावांच्या पैसे काढायच्या चिठ्ठ्या बदलल्या. ठिबक, पाइपलाइन, आटपाडीकडं डाळिंबाची रोपं, इकडं द्राक्षाचे अँगल. चाळीस वर्षं कटक-कानपूरहून येणाऱ्या पैशाला रानात कामाला जायला पहिल्यांदाच जागा झाली. काही जण तर परत आले. भट्टी पोरावर सोपवून बाग बघतात. सध्या त्यांचं भांडण व्यापाऱ्याशी असतं, पोलिसांशी नाही, एवढंच सुख.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणितात तो पहिला, मी दुसरी, असं सातवीपासून ठरलेलं. त्याचं घर गावकुसाबाहेरच्या वस्तीत. दहावीनंतर माझ्या नापास भावाला न्यायला तात्या आले, त्याला न्यायला कुणी आलं नाही. कुणी ‘तू नको’ असं म्हटलंही नाही. जो तो आपल्या भाच्याला नेत होता, पुतण्याला नेत होता, मेव्हण्याला नेत होता, आणि त्याचा मामा-चुलता तिकडं कुणी नव्हता. एका भट्टीवर एकत्र जेवायचं, एका खोलीत झोपायचं. ती खोली कुणाची, हा प्रश्न न विचारताच सुटलेला असायचा. पुढं तो शिष्यवृत्तीवर शिकला, मुंबईला सरकारी नोकरीत गेला, चांगल्या हुद्द्यावर निवृत्त झाला. म्हणजे त्याचं भलंच झालं की, असं भाऊ म्हणतो. त्याच्या मागं राहिलेल्या वस्तीतल्या बाकीच्या पोरांचं नाव माझ्या खातेवहीत पेन्सिलीच्या गावासकट फारसं कधी आलं नाही.

आणि मी? मला कुणी नेण्याचा प्रश्नच नव्हता. भट्टीवर बाई नसते. मुलीला करायला काही नाही म्हणून मला विट्याच्या कॉलेजात घातलं, म्हणून मी बी.कॉम. झाले, म्हणून खुर्चीवर बसून भावाच्या ठेवीची पावती मी फाडली. हा माझ्या घरचा विनोद मला एका संशोधनात जसाच्या तसा सापडला. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरमधल्या शाळांचा अभ्यास केला होता, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १९९० नंतर इंग्रजी शिकलेल्याची मिळकत वाढत होती, तरी ज्या जातींचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या कामगार म्हणून एकमेकांना नोकरीला लावत आले होते त्या घरातले मुलगे मराठी माध्यमातच राहिले. नोकरी ओळखीनं मिळणारच होती. मुलींना ती ओळख कधीच उपयोगी नव्हती, त्या इंग्रजी शाळांत गेल्या आणि पुढं निघाल्या. आमच्याकडं माध्यमाचा प्रश्न नव्हता, शाळेचाच होता. माझ्या भावाला कोइमतूर तयार नसतं तर तो दहावीला पुन्हा बसला असता. पास झाला असता, अशी माझी खात्री आहे. त्याची नाही.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा हा वेल उलटा आला. भाड्याच्या गाड्या करून, पास काढून, दोन-दोन दिवस प्रवास करून माणसं परतली. गावानं त्यांना वेशीवरूनच शाळेत नेऊन ठेवलं, चौदा दिवस. आमच्या गावच्या शाळेत ज्या खोलीत भाऊ झोपला तिच्या दारावर तात्यांच्या नावाची फरशी आहे. तो व्हिडिओ कॉलवर मला ती दाखवत होता आणि हसत होता. भाकरी मात्र लांबून, काठीला बांधलेल्या पिशवीतून यायची.

त्यानंतरचं वर्ष धंद्याला जास्त जड गेलं. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला. त्याच्या आधीच टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायचं यंत्र आलं होतं. दागिना ठेवला की काही सेकंदांत आकडा. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून डोळ्यानं कस सांगणारा माझा भाऊ, त्याची चाळीस वर्षांची नजर त्या डब्यापुढं गप्प झाली. मोठ्या सराफी पेढ्या मोड स्वतः घेतात आणि मोठ्या रिफायनरीत पाठवतात. जिन्याखालच्या भट्टीकडं येतं ते छोट्या सोनाराचं उरलंसुरलं. भावाच्या मुलानं कर्ज काढून ते यंत्र घेतलं. आता तो भट्टी कमी आणि टंच जास्त करतो. कर्ज बँकेचं नाही, भिशीतलं. चौदा जणांची भिशी, चौदा जण सात राज्यांत, हप्ता फोनवरून.

पतसंस्थेत संगणक आला तेव्हा खातेवह्या गोदामात गेल्या. नव्या प्रणालीत नाव, पत्ता, आधार, पॅन, सगळ्याला रकाना होता. तिकडच्या गावाला नव्हता. मी दोन रविवार बसून पेन्सिलीची सगळी गावं एका वहीत उतरवून घेतली. का, ते मलाही सांगता येणार नाही. २०२२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा वही घरी घेऊन आले.

मागच्या महिन्यात समोरच्या वहिनी आल्या. त्यांच्या भाच्यानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, दीड वर्ष घरी आहे. ‘दादांना विचारा की, कुठं जागा असली तर. भट्टीवर नको म्हणतोय, मशिनवर चालंल.’ मी भावाला फोन लावला. तो म्हणाला थांब, आणि अर्ध्या तासात त्याचाच फोन. त्यानं तिघांना विचारलं होतं, त्यातल्या एकाच्या साडूच्या ओळखीत एक टंच सेंटर निघतंय. गावाचं नाव त्यानं सांगितलं. मी वही उघडून शोधलं, त्या नावाचं गाव माझ्याकडं नव्हतं.

‘कुठल्या राज्यात आलं रे हे?’

‘ते गाडीत बसल्यावर विचारंल की तो,’ भाऊ म्हणाला. ‘तू लिहून ठेव.’